कोतवाल बुकातले पूर्वज



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घराण्याचा इतिहास म्हटला की नजर सिंदखेडराजाकडे वळते. ते साहजिकच आहे. लखुजी जाधवरावांचं ते गाव, जिजाऊंचं माहेर. देशमुख-देशपांड्यांच्याही घरी सनदा असतात. वतनाचे तंटे झाले आणि तंट्यांपायी कागद जपले गेले. पण ज्यांना वतन नव्हतं, कित्येकांना वीतभर जमीनही नव्हती, त्यांच्या नातवंडांनी कुठं शोधायचं? ती माणसंही कागदावर आहेत, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

मात्र कोणत्या साली कुणाचं सरकार होतं, ते आधी पाहावं लागतं. आपला वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही, दप्तर मात्र हललं. त्यामुळे १८५३ पूर्वीचा माग काढायला हैदराबादचं अभिलेखागार आणि त्यानंतरचा काढायला नागपूरचं, अशी वाट धरावी लागते. त्यात खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. खामगावच्या कापसाच्या बाजारात १८९० च्या सुमारास हमाली करणाऱ्या पणजोबांचा कागद बुलढाण्यात मिळाला नाही, म्हणून निराश होऊ नका, अकोल्याला जा.

आता तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे वळू. तिथं लाल कापडात बांधलेली कोतवाल बुकं असतात. गावातल्या जन्म-मृत्यूची ही नोंदवही. फेरफार आणि हक्कनोंदणीत जमीनवाला दिसतो. कोतवाल बुकात मात्र गावात जन्मलेला कुणीही येतो. सालदाराचं पोर आणि पाटलाचं पोर एकाच पानावर, एकाखाली एक. गावगाड्यातल्या सर्वांत खालच्या चाकराच्या नावानं ओळखली जाणारी ही वही मला राजेरजवाड्यांच्या सनदांपेक्षा मोलाची वाटते.

ती वाचायची एक रीत आहे. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण तेव्हा बारसंही झालेलं नसतं. अमक्यास मुलगा, अमक्यास मुलगी, जात, तारीख, एवढंच. म्हणून आजोबांचं नाव शोधत बसणारा रिकाम्या हातानं परततो. शोधायचं ते आजोबांच्या वडिलांच्या नावानं. आडनावही पुष्कळदा सापडत नाही. ‘रामजी वल्द हरी’, म्हणजे हरीचा मुलगा रामजी, एवढ्यावर भागवलेलं असतं. त्या नावाचे दोघे असले तर भावंडांच्या नोंदी जुळवून खात्री करायची.

मृत्यूची पानं वाचताना तर मन घट्ट करावं लागतं. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांतली पानं मिळाली तर जरूर पाहा. ती इन्फ्लुएंझाची साथ, पण तेव्हाच्या सरकारी हिशेबात त्यातले बहुतेक मृत्यू ‘ताप’ या सदरातच गेले. आपल्या घरात ‘आजी लहानपणीच पोरकी झाली’ एवढंच सांगत आले असतील, तर त्याचं उत्तर तिथं असू शकतं.

बायकांचा माग सर्वांत अवघड. जन्मनोंदीत आईचं नाव क्वचितच आढळतं. ती भेटते फेरफारात, नवरा वारल्यावर वारस म्हणून: जोजे अमुक, म्हणजे अमक्याची बायको, नाहीतर बेवा अमुक, म्हणजे अमक्याची विधवा. त्या एका ओळीत सासर, सवत, अज्ञान मुलं, सगळा संसार कळतो. जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरंही पाहावीत. मूल कुठल्या गावाहून आलं, हे कधीकधी तिथंच लिहिलेलं असतं.

बराच जुना मजकूर मोडीत आहे, आणि आकडा फसली सनाचा असला तर त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. मोडी वाचणारं माणूस आज शोधून आणावं लागतं. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी तिचे वर्ग नेमानं चालवावेत, ही माझी कळकळीची मागणी आहे.

कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे २०२३ पासून या वह्या राज्यभर उघडल्या गेल्या. जातीच्या दाखल्यासाठी लोक रांगा लावून नकला घेतात. ज्याला हक्क मिळायचा त्याला तो मिळालाच पाहिजे. पण नक्कल हाती आली की आपल्या ओळीच्या वरची आणि खालचीही ओळ वाचा. शेजारी कोण होते, त्या वर्षी गावात किती पोरं गेली, हेही तुमच्याच घराण्याचं आहे.

आणि कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. गाव, मूळ गाव, पणजोबांच्या वडिलांचं नाव, आत्या कुठं दिल्या, सगळं लिहून घ्या. त्र्यंबकेश्वरी श्राद्धाला कुणी गेलं होतं का, तेही विचारा; तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या गाववार उतरवलेल्या असतात. नाव आणि गाव हाती असलं तरच तहसीलमधला लिपिक तुम्हाला नेमकी वही काढून देऊ शकतो.