ल्यूबेकचे सायंसंगीत



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस चर्चमधल्या संगीतावर बोलणार, हे विषयपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. मी गाण्यातला जाणकार नाही. पाश्चात्त्य स्वरलिपी मला वाचता येत नाही. शाळा लवकर सुटली. पुढची शाळा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. पण आयुष्यभर वर्गणीची पावतीपुस्तके सांभाळल्यामुळे, कोणताही सार्वजनिक उपक्रम दिसला की माझ्या मनात प्रथम एकच प्रश्न येतो : याचा खर्च कोण सोसतो आणि लाभ कोणाला होतो? याच प्रश्नाच्या वाटेने मी ल्यूबेकला जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांतून.

ल्यूबेक हे उत्तर जर्मनीतले, बाल्टिक समुद्राजवळचे जुने व्यापारी शहर. तेथील सेंट मेरीचे चर्च भाजक्या विटांचे आहे, आणि त्याचे छत जमिनीपासून सुमारे ३८ मीटर उंच आहे. बिशपचे चर्च वेगळे. हे चर्च नगरपरिषदेचे आणि व्यापाऱ्यांचे. १६४१ साली फ्रांझ टुंडर नावाचा ऑर्गनवादक तेथे रुजू झाला. बाजारपेठेत भाव ठरण्याची वेळ होईपर्यंत व्यापारी चर्चमध्ये थांबत, त्यांच्यासाठी टुंडर ऑर्गन वाजवी, आणि त्यातून या मैफली जन्मल्या, अशी हकीकत १७५२ साली तिथल्याच एका संगीतशिक्षकाने लिहून ठेवली आहे.

टुंडर १६६७ साली वारला. १६६८ मध्ये त्याच्या जागी डीट्रिख बुक्स्टेहूड आला आणि त्याने या रिकाम्या वेळच्या वादनाला उत्सवाचे रूप दिले. वार बदलून रविवार केला. नाताळापूर्वीच्या हंगामात पाच रविवार ठरवले आणि दुपारची प्रार्थना आटोपल्यावर चार ते पाच ही वेळ बांधून दिली. १६६९ साली ऑर्गनशेजारी नवे सज्जे उभारून घेतले. तेव्हा गाणारे-वाजवणारे मिळून सुमारे ४० जण तेथे मावू लागले. पुढे पुढे बायबलातली एकच कथा पाच रविवारांत विभागून तो सादर करू लागला. आपल्याकडे सप्ताहात बुवा आख्यान रंगात आणतात आणि उरलेले उद्यावर ठेवतात, तसाच हा प्रकार. जर्मनमध्ये या मैफलींना ‘आबेंडमूझिक’ म्हणतात. आपण सायंसंगीत म्हणू.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. या मैफलींना तिकीट नव्हते. कोणीही यावे, ऐकावे. मग गायकांचे, वादकांचे, छपाईचे पैसे कोठून येत? व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून. गीतांच्या छापील पुस्तिका धनिकांच्या घरी पाठवायच्या, विनंतीपत्रे लिहायची, आणि आलेल्या रकमेवर हंगाम उभा करायचा. बुक्स्टेहूड नुसता वादक नव्हता, चर्चचा कारभारी आणि हिशेबनीसही होता. दिवसा खतावणी आणि संध्याकाळी संगीत! संघटनेच्या कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला याची ओळख चटकन पटते.

गर्दी मोठी होई. नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी, लवकर पडणारा अंधार आणि आत हुल्लडबाज पोरांचा दंगा. तो आवरायला शहराचे पहारेकरी उभे करावे लागत. फुकट मैफल म्हणजे शांत मैफल नव्हे. तरीही दार लावून निवडक लोकांना आत घेण्याचा मार्ग बुक्स्टेहूडने धरला नाही. ही गोष्ट मला त्याच्या संगीताइतकीच मोठी वाटते.

या सायंसंगीताची कीर्ती ऐकून १७०५ साली वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख आर्नश्टाट गावाहून पायी निघाला. अंतर जवळजवळ ४०० किलोमीटर. रजा मिळाली होती चार आठवड्यांची. स्वारी परतली सुमारे चार महिन्यांनी. फेब्रुवारी १७०६ मध्ये वरिष्ठांनी जाब विचारला, तेव्हा त्याने सांगितले की आपण कला शिकायला गेलो होतो, आणि मागे ठेवलेल्या बदलीने काम नीट केले असेल अशी आपली अपेक्षा होती. बदलीवरचा माणूस आणि रजेचा जाब! आपल्या गिरणीत हे प्रकरण माझ्याकडे आले असते, तर मला बाखची बाजू मांडावी लागली असती आणि ती मी आनंदाने मांडली असती. कारण कामगाराला कसब वाढवायला वेळ द्यावा, हे आपण मालकांना किती काळ सांगत आलो आहोत!

पण या कथेला एक उदास बाजू आहे. बुक्स्टेहूडने टुंडरच्या मुलीशी लग्न केले होते. पुढे त्याच्या जागेवर येऊ पाहणाऱ्यापुढेही त्याच्या मुलीशी लग्न करण्याची अट आली. १७०३ साली हॅन्डल आणि मॅटेसन हे दोन तरुण जागा पाहून गेले. दोघांनीही अट नाकारली. १७०७ मध्ये बुक्स्टेहूड वारला आणि शीफरडेकर नावाच्या वादकाने जागा आणि मुलगी दोन्ही स्वीकारली. आपल्याला हसू येते. पण निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, अशा काळात म्हातारा नोकर आपल्या मुलाबाळांची सोय लावणार कशी? आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली आला. तोवर वडिलांच्या जागी मुलाला चिकटवण्यासाठी खात्याच्या दाराशी किती हात जोडले जात, ते जुन्या कामगारांना विचारा. नोकरीत हक्काची सुरक्षितता नसली की माणसाची लेकसुद्धा नोकरीच्या अटीत जाते.

आणखी एका वर्गाला मी विसरू शकत नाही. एवढा मोठा ऑर्गन वाजतो तो हवेवर. वीज येण्यापूर्वी ती हवा भाते चालवणारी माणसे पुरवीत. बोटे बुक्स्टेहूडची, पण श्वास मजुरांचा. त्यांचे पाय थांबले की मोठ्यातल्या मोठ्या कलावंताचा सूर विझला. ऐकणाऱ्यांना ती माणसे दिसत नाहीत, एवढेच.

ही परंपरा १८१० पर्यंत चालली. १८०६ साली फ्रेंच फौजांनी ल्यूबेक घेतले, व्यापार बुडाला, आणि चार वर्षांत सायंसंगीतही थांबले. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांच्या बाँबहल्ल्यात चर्च जळाले, जुने ऑर्गन नष्ट झाले. मनोऱ्यावरून कोसळलेल्या घंटांचे तुकडे पडल्या जागी तसेच ठेवले आहेत. चर्च पुन्हा उभे राहिले आणि १९६८ साली तेथे नवा प्रचंड ऑर्गन बसला.

यातून आपण काय घ्यावे? दार सर्वांना उघडे ठेवण्याची जिद्द ल्यूबेककरांकडून घ्यावी. पण त्यांच्या व्यवस्थेतली दुबळी जागाही ओळखावी. ज्या उपक्रमाचा सारा भार थोड्या धनवंतांच्या थैलीवर असतो, तो त्यांच्या बाजारभावाबरोबर चढतो आणि उतरतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी असे ज्ञानाचे हंगाम भरत आले. आपले हे मंडप टिकायचे असतील, तर हजार श्रोत्यांचा एकेक रुपया हा एका शेटजींच्या हजारांपेक्षा मोलाचा मानला पाहिजे. शेटजींनी जरूर द्यावे. पण त्यांचा हात आखडला म्हणून दिवा विझता कामा नये. आणि त्या जमलेल्या पैशातून व्याख्यात्याच्या मानधनाआधी सतरंज्या घालणाऱ्याची आणि ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्याची मजुरी चुकती व्हावी. आपल्या मैफलीचा भाता तेच चालवीत असतात.