आतल्या खोलीतील यंत्र

बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील मुडबी हे होबळीचे, म्हणजे महसुली मंडलाचे, ठिकाण कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेच्या बाजूस आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि हा मुलूख हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला; मराठी बोलणारी घरे मात्र जेथल्या तेथेच राहिली. पलीकडे महाराष्ट्रात ज्या कागदास सातबारा म्हणतात, त्यास इकडे पाहणी असे नाव आहे. जमिनीवरील हक्क, कूळवहिवाट आणि उभे पीक यांची त्यात नोंद असते. पीककर्ज असो, भावाभावांतील वाटणी असो वा कोर्टातील दावा असो, पाहणीवाचून कोणाचेही पाऊल पुढे पडत नाही.

हा कागद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातून निघे. राज्यात असे सुमारे नऊ हजार ग्रामलेखापाल होते, आणि प्रत्येकाची वही त्याच्या स्वतःच्या हाती होती. वही ज्याच्या हाती, शेतही जवळजवळ त्याच्याच हाती, असे म्हणावयास हरकत नव्हती. एखादी नोंद कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली, हे शाई सांगत नाही.

२००० ते २००२ या काळात कर्नाटक सरकारने 'भूमी' योजनेखाली सुमारे सदुसष्ट लाख खातेदारांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर चढविल्या आणि १७७ तालुक्यांच्या कचेऱ्यांत उतारे देणाऱ्या खिडक्या उघडल्या. पंधरा रुपये भरावेत आणि उतारा घ्यावा, अशी व्यवस्था झाली. हस्तलिखित उताऱ्याचे चलन बंद करण्यात आले.

या व्यवस्थेत जे यंत्र खिडकीशी दिसे, त्याच्या पोटात नोंदी नव्हत्या. नोंदी असत त्या आतल्या खोलीतील दुसऱ्या, थोरल्या संगणकात. कचेरीपुरत्या तारांच्या जाळ्याने ही दोन यंत्रे जोडलेली असत. कारकुनाने गाव आणि सर्व्हे नंबर टंकित केला की ती मागणी तारेवरून आत जाई. शोधण्याचे काम तेथे होई, आणि सापडलेली नोंद तेवढी बाहेर येऊन पडद्यावर उमटे. काम थोडे येथे, थोडे तेथे, अशी ही वाटणी. दोन खिडक्यांवरून एकाच सर्व्हे नंबराची मागणी आली, तरी वही एकच असल्याने दोन निराळी उत्तरे निघण्याचा संभव उरला नाही. शेतकऱ्याच्या बाजूसही एक पडदा ठेवला होता, म्हणजे कारकून काय करतो आहे ते त्यास बसल्या जागी दिसावे. सगळ्या योजनेत हा एक पडदा फार शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

माणूस एकीकडे आणि आज्ञा पाळणारे यंत्र दुसरीकडे, ही कल्पना संगणकाच्या इतिहासात तशी जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सी.डी.सी. ३६०० हे मोठे यंत्र आले, तेव्हा छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे यंत्रापर्यंत न्यावे लागत. मुडबीचा शेतकरी उताऱ्यासाठी बसवकल्याणला जाई, त्यातलाच तो प्रकार. मात्र त्यापूर्वीच, १९६१ साली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात एकाच यंत्रावर अनेकांनी आपापल्या टंकयंत्रावरून एकाच वेळी काम करण्याचा प्रयोग यशस्वी झाला होता. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत 'ईथरनेट' जन्मास आले आणि एका इमारतीतील यंत्रे परस्परांशी वेगाने बोलू लागली.

परंतु आज्ञा दुरून येऊ लागली की ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. समोर उभा असलेला मनुष्य ओळखता येतो. तारेवरून आलेली अक्षरे सर्वांची सारखीच. पूर्वी दूरच्या यंत्रावर काम करणाऱ्याचा परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जात असे, आणि वाटेत कान लावून बसलेल्यास तो सहज टिपता येई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ साली असे शब्द चोरीस गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी सगळा संवाद कुलूपबंद करणारी 'एस.एस.एच.' ही पद्धत रचली. आज जगभर दूरच्या यंत्रांवरील कामे बहुतेक तिच्याच आधाराने चालतात.

'भूमी'ने याच प्रश्नाचे उत्तर बोटाच्या ठशात शोधले. फेरफाराच्या अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत. ती संपून महसूल निरीक्षकाची आज्ञा झाल्यावरच नोंद बदलावयाची, आणि बदलणाऱ्याने आपले बोट यंत्रावर टेकवावयाचे. तो परवलीचा शब्द नव्हता, की शिपायाच्या हाती चिठ्ठीवर लिहून द्यावा. कोणाच्या बोटाने कोणती नोंद बदलली, याचे टिपण आतल्या खोलीत राही. अर्थात मूळ वहीतच चूक असेल, तर यंत्र ती चूकच मोठ्या इमानाने छापून देई. त्यास बोटाचा ठसा काय करणार?

पुढे तालुक्यातालुक्यांतील या वह्या बेंगळूरच्या राज्य केंद्रात एकत्र नेण्यात आल्या, आणि होबळीच्या ठिकाणी 'नाडकचेरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कचेऱ्यांतून उतारे मिळू लागले. खिडकी गावाजवळ आली, आतली खोली शेकडो मैल दूर गेली. तालुक्याच्या कचेरीतील तार तुटली तर ती भिंतीच्या कडेने शोधता येई. आता मधल्या वाटेत कोठे बिघाड झाला, तर तो कोठे झाला हे खिडकीशी बसलेल्यासही सांगता येत नाही, आणि रांग तशीच उभी राहते. शिवाय हाती पडणारा उतारा कानडीत असतो. ज्याच्या घरी मराठीच वाचली जाते तो शेतकरी आधी सर्व्हे नंबर आणि क्षेत्राचे आकडे ताडून पाहतो, आणि नाव बरोबर आहे ना, एवढे शेजारच्या कानडी जाणणाऱ्यास विचारून घेतो.