एवाचा पुरावा आणि नियमराजाचा डोंगर

(आपल्या गेल्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'विज्ञान आणि सिनेमा'. हा विषय एवढा मोठा आहे की पंचवीस मिनिटांत त्याचं फक्त नाव घेऊन होईल. म्हणून मी एकच सिनेमा निवडला, आणि खरं सांगायचं तर सिनेमाही नाही, तो बघून बाहेर आलेले लोक काय म्हणाले ते निवडलं. सिनेमा म्हणजे जेम्स कॅमेरॉनचा 'अवतार'. त्याचा तिसरा भाग डिसेंबर २०२५ मध्ये आला, पण मी बोलणार आहे ती पहिल्याबद्दल, डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या.

तेव्हा ज्यांची मुलं तान्ही होती आणि थिएटरचं दर्शनच दुर्मिळ होतं, त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. अल्फा सेंटॉरी इथल्या एका प्रचंड वायुग्रहाचा चंद्र, नाव पँडोरा. तिथे दहा फूट उंचीचे निळे लोक राहतात, नावी. त्यांच्या वस्तीच्या झाडाखाली एक खनिज सापडलंय, किलोला दोन कोटी डॉलर भाव. पृथ्वीवरची खाण कंपनी भाडोत्री फौजेसह आलेली आहे. जेक सली हा पायांनी अधू झालेला माजी सैनिक नावीच्या देहातून त्यांच्यात वावरतो, त्यांचा होऊन जातो आणि शेवटी त्यांच्या बाजूने लढून फौजेला हाकलतो. गोष्ट म्हणून नवीन काही नाही. पण दोन अब्ज डॉलरच्या वर धंदा करणारा हा जगातला पहिला सिनेमा ठरला.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते आणि आमची अख्खी लॅब बघायला गेली होती. विषय अतिवाहकांचा, म्हणजे सुपरकंडक्टर्सचा. त्यामुळे कंपनीच्या साहेबाच्या टेबलावर ते खनिज हवेत तरंगताना दिसलं तेव्हा आमची रांग सोडून कोणीच हसलं नाही. खनिजाचं नाव 'अनऑब्टेनियम', म्हणजे न मिळणारं. इंजिनियर लोकांमधला तो जुना विनोद आहे. सिनेमासोबत जी जादा माहिती प्रसिद्ध झाली तिच्यात ते खोलीच्या तापमानाला चालणारं अतिवाहक असल्याचं म्हटलंय. तसं असेल तर तरंगते डोंगर अगदीच थाप नाहीत. परतीच्या वाटेवर आमचं बोलणं सगळं याच्यावर: डोंगर तरंगायला चुंबकीय क्षेत्र किती लागेल, आणि तेवढ्या क्षेत्रात माणसाचं काय होईल. मग थ्रीडी चष्म्यावर. त्या चष्म्याची गंमत अशी की दोन डोळ्यांसाठी चक्राकार ध्रुवीकरण उलटसुलट दिशांचं असतं, म्हणून मान तिरकी केली तरी चित्र फुटत नाही. ही शास्त्रज्ञांची प्रतिक्रिया. झाड पडलं त्यावर आम्ही एक अक्षर बोललो नाही.

बाकीचं जग मात्र बोललं. जानेवारी २०१० मध्ये सीएनएनने बातमी दिली की काही प्रेक्षकांना सिनेमा संपल्यावर खिन्नता येत होती. पँडोरा खरी नाही आणि तिथे कधी जाता येणार नाही, याचं दुःख. त्याची टिंगल झाली, मला मात्र ती पूर्ण हसण्यावारी नेता येत नाही. पावणेतीन तास चमकत्या जंगलात घालवून माणूस बाहेर येतो तो डिसेंबरच्या करड्या पार्किंग लॉटमध्ये. आपल्यापैकी किती जणांनी इथल्या पहिल्या हिवाळ्यात असंच काहीसं सोसलंय!

अमेरिकेतल्या उजव्यांना सिनेमा सैन्यविरोधी आणि देशविरोधी वाटला. गोरा माणूस येऊन आदिवासींना तारतो, ही कथाच अपमानास्पद आहे, हा आक्षेप डावीकडून येणार हे उघड होतं, पण न्यूयॉर्क टाइम्समध्ये तो मांडला डेव्हिड ब्रुक्स यांनी, जे काही डावे नव्हेत. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने आणि रेडिओने तंत्राचं कौतुक करून तक्रार केली की इथे निसर्गालाच देव केलंय. बोलिव्हियाचे तेव्हाचे अध्यक्ष एवो मोरालेस, त्या देशाचे पहिले आदिवासी अध्यक्ष, म्हणाले की यात भांडवलशाहीला होणारा प्रतिकार दिसतो. चीनमध्ये लोकांना त्यात बुलडोझर लावून पाडलेली आपली घरं दिसली. तिथे जानेवारीत साध्या पडद्यावरचे खेळ काढून घेतले, थ्रीडी चालू ठेवले. सरकारी कारण धंद्याचं होतं. त्याच महिन्यात झांगजियाजे इथल्या एका दगडी सुळक्याला पर्यटनासाठी सिनेमातल्या डोंगराचं नाव दिलं. घरांची आठवण नको, पण डोंगर विकायला हरकत नाही. आणि फेब्रुवारीत पॅलेस्टाइनमधल्या बिलिन गावचे लोक अंगाला निळा रंग फासून, शेपट्या लावून इस्रायली भिंतीविरुद्धच्या मोर्चात उतरले.

इतक्या जणांनी एकाच सिनेमात आपापलं गाऱ्हाणं पाहिलं. गोष्ट जितकी ढोबळ तितकं तिच्यात जास्त माणसांना शिरता येतं, ही मी सिनेमाची जमेची बाजू धरते. पण आपल्यासारख्यांनी काय पाहिलं?

दुसऱ्यांदा मी गेले ती आपल्या मराठी मंडळींबरोबर. पुण्याहून आलेली माझी आईही होती, भिंगाच्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवून. ते मोठं झाड कोसळलं तेव्हा आमच्या रांगेत सगळे रडले. रडणाऱ्यांत एक इंजिनियर काका होते, अत्यंत सज्जन माणूस. नंतर जेवताना कोणीतरी मणिबेलीचा विषय काढला. मणिबेली म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं, सरदार सरोवरात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. काका लगेच म्हणाले, "ते वेगळं हो. तिथे धरण होतं, विकास होता, नुकसानभरपाई दिलेली." आई म्हणाली, "भाऊ, सिनेमातले ते साहेबही हेच म्हणत होते की, शाळा देतो, रस्ते देतो." काका हसले आणि त्यांनी पोळी मागितली.

त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे, आणि ते ढोंगी नव्हते. मला वाटतं, सिनेमानेच त्यांना एक पळवाट देऊन ठेवली होती. ती सिनेमातल्या वैज्ञानिक बाईंच्या तोंडून येते, म्हणून ती मला जास्त बोचते.

ग्रेस ऑगस्टीन ही वनस्पतिशास्त्रज्ञ. नावींचं झाड पाडू नका म्हणून ती कंपनीच्या साहेबाला समजावते. त्यांच्यासाठी ते पवित्र आहे, एवढं म्हणून ती थांबत नाही, कारण तेवढ्याने काम होणार नाही हे तिला ठाऊक आहे. ती आकडे देते: पँडोरावर दहाचा बारावा घात इतकी झाडं आहेत, प्रत्येकाच्या मुळांचे शेजारच्यांशी दहा हजार जोड आहेत, मिळून जोड माणसाच्या मेंदूपेक्षा जास्त. गणित बरोबर आहे, मी करून पाहिलं: दहाचा सोळावा घात. साहेब हसतो आणि तुम्ही लोक काय ओढता म्हणून विचारतो. पण प्रेक्षक हसत नाही. त्याला पुरावा मिळालेला असतो. आणि शेवटी नावींची देवी एवा खरोखरच जंगलातले प्राणी लढाईत उतरवते. म्हणजे नावी भाविक नाहीतच, ते बरोबर आहेत. त्यांची देवी मोजता येते.

आपण इथे बसलेले बहुतेक लोक देव न मानणारे. म्हणून सिनेमाची ही चलाखी आपल्या लक्षात यायला हवी. एवा जर नसती, मुळांचं ते जाळं जर नसतं, ते नुसतंच एक मोठं झाड असतं, तर? तर ते पाडायला हरकत नव्हती का? ज्याचा देव प्रयोगशाळेत सिद्ध होतो त्याचंच घर वाचवायचं, असा नियम असेल तर पृथ्वीवरचं एकही घर वाचणार नाही. आणि ग्रेसबद्दल आणखी एक. तिचा सगळा प्रकल्प त्या खाण कंपनीच्याच पैशावर चालतो, हे सिनेमात स्पष्ट आहे. आमच्या लॅबमध्ये त्यावर कोणी बोललं नाही. चुंबकीय क्षेत्रावर बोलणं बरं पडतं.

आता ओडिशात येऊ, कारण 'अवतार'वरची एक प्रतिक्रिया तिथल्या लोकांच्या नावाने आली. नियमगिरी हा डोंगर रायगडा आणि कलाहांडी जिल्ह्यांत येतो. तिथे डोंगरिया कोंध राहतात, संख्येने आठेक हजार. त्यांचा देव नियमराजा डोंगरमाथ्यावर राहतो. त्या माथ्यातच बॉक्साइट आहे, आणि पायथ्याला लांजीगढला वेदांत कंपनीचा अ‍ॅल्युमिनाचा कारखाना. फेब्रुवारी २०१० मध्ये सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या लंडनच्या संस्थेने 'व्हरायटी' या सिनेव्यवसायाच्या नियतकालिकात जाहिरात देऊन कॅमेरॉन यांना आवाहन केलं की तुमची गोष्ट इथे खरी घडते आहे, या लोकांना मदत करा. त्याच महिन्यात चर्च ऑफ इंग्लंडने वेदांतमधले आपले समभाग विकले. ते काही सिनेमामुळे नव्हे, पण आपले निवृत्तीचे पैसे कुठल्या फंडात आहेत हे ज्यांनी कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवते.

नियमगिरी वाचली कशी? कुणी जेक सली उतरला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये सक्सेना समितीच्या अहवालानंतर पर्यावरण मंत्रालयाने खाणीला वनमंजुरी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने वनहक्क कायदा २००६ चा आधार घेऊन म्हटलं की लोकांचे धार्मिक आणि सांस्कृतिक हक्क आहेत की नाहीत, याचा विचार ग्रामसभांनी करावा. नियमराजा आहे की नाही हे न्यायालयाने विचारलं नाही. त्याची मुळं किती, जोड किती, कोणी मोजले नाहीत. विज्ञानाचा मुद्दाही होता, नाही असं नाही. बॉक्साइटचा सच्छिद्र थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, वंशधारा नदीचा उगम तिथलाच. एखादी ग्रेस हा मुद्दा घेऊन उभी राहिली असती तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण हक्क त्या मुद्द्यावर टांगलेला नव्हता. झरे आटणार नाहीत असा अहवाल उद्या कोणी आणला असता तरी गावाला 'नको' म्हणता येत होतं.

जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये बारा गावांत सभा झाल्या, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर. बाराच्या बारा गावांनी खाणीला नाही म्हटलं. शेवटची सभा जरपा गावात १९ ऑगस्टला. याचा थ्रीडी सिनेमा होणार नाही. पावसात सतरंजीवर बसलेली माणसं, ठराव, अंगठे.

याउलट, खुद्द कॅमेरॉन २०१० मध्ये ब्राझीलला गेले, शिंगू नदीवरच्या बेलो मोंते धरणाला विरोध करणाऱ्या आदिवासींबरोबर उभे राहिले. जगभर फोटो छापून आले. २०१६ मध्ये ते धरण वीज द्यायला लागलं.

काकांची आणि माझी दुसऱ्या भागाच्या वेळी, डिसेंबर २०२२ मध्ये, परत थिएटरबाहेर भेट झाली. या खेपेला देवमासे मारले गेले म्हणून ते हळहळत होते. मी त्यांना जरपाची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "मग अ‍ॅल्युमिनियम आणायचं कुठून?" प्रश्न अगदी योग्य आहे. माझ्या क्रायोस्टॅटमध्येही ते आहे. कंपनीलाही तोच प्रश्न पडला होता. लांजीगढचा कारखाना बंद पडला नाही, तो दुसरीकडून बॉक्साइट आणत राहिला. २०२३ मध्ये जवळच्याच सिजिमाली डोंगरातल्या बॉक्साइटसाठी वेदांतची निवड झाली, आणि तिथल्या गावांतूनही विरोध उभा राहिला.

पंचवीस मिनिटं होऊन गेली आहेत. काका आज मागच्या रांगेत बसलेत, पहिला प्रश्न त्यांचा.