बोटावरचा आकडा आणि रात्रीचा श्वास

पोटात दुखू लागले तर रोगी ते स्वतः सांगतो. ताप भरला तर कपाळाला हात लावताच कळते. परंतु निद्रेतील श्वासरोध, ज्याला वैद्यकात स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, हा विकार घडत असता रोगी झोपेत असतो, आणि जागा झाल्यावर त्यातले त्याला काहीच आठवत नाही. या विकाराचा पहिला साक्षीदार बहुधा शेजारी निजणारे माणूस असते. हल्ली ज्या घरांत या विकारावर उपचार चालू आहेत, तेथे आणखी एक साक्षीदार येऊन बसला आहे. तो म्हणजे बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर. त्याची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी आणि कोठे धरू नये, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहणे इष्ट. जागेपणी घशाच्या स्नायूंना ताण असतो, म्हणून श्वासाची वाट उघडी राहते. झोप लागली की ते स्नायू सैल पडतात. ज्यांच्या मानेभोवती चरबी साठलेली असते, किंवा ज्यांचा जबडा मुळातच लहान असतो, त्यांच्या घशाच्या भिंती श्वास आत ओढताना एकमेकींना चिकटतात. छाती हालत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या घोरण्यासरशी वाट उघडते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच चक्र सुरू होते. श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबला तर तो एक श्वासरोध धरतात. पूर्ण थांबलेले आणि अर्धवट आखडलेले असे प्रसंग मिळून तासाला ५ ते १५ असले तर विकार सौम्य, १५ ते ३० असले तर मध्यम, आणि ३० च्या वर गेले तर तीव्र समजतात. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एक अडथळा. असा मनुष्य आठ तास अंथरुणात पडूनही थकलेलाच उठतो व दुपारी कचेरीत डुलक्या घेतो. आणि मोटार चालवताना त्याचा डोळा लागला, तर त्याची किंमत रस्त्यावरच्या परक्या माणसालाही मोजावी लागते.

यावरचा प्रमुख उपचार ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील वैद्य कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. एक लहान पंखा नळीवाटे व मुखवट्यावाटे नाकात सतत हवेचा दाब देत राहतो, आणि त्या दाबाच्या टेकूने घशाची वाट मिटत नाही. याला सीपॅप असे म्हणतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे यंत्र प्राणवायूचे नव्हे. ते खोलीतलीच हवा गाळून दाबाने आत सोडते. रक्तातील प्राणवायू सुधारतो तो वाट उघडी राहिल्यामुळे, बाहेरून प्राणवायू दिल्यामुळे नव्हे.

आता ऑक्सिमीटरकडे वळू. प्राणवायू वाहून नेणारे रक्त तांबडेभडक असते, तर प्राणवायू सोडून दिलेले रक्त काळसर दिसते. यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवते, एक तांबडा व दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त; आणि कोणता किती शोषला गेला यावरून हिशेब करते. अमेरिकन शास्त्रज्ञ ग्लेन मिलिकन यांनी १९४२ मध्ये वैमानिकांसाठी कानाच्या पाळीला लावावयाचे असे उपकरण सिद्ध केले. पुढे १९७४ मध्ये जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्याबरोबर प्रकाशात पडणारा फरक हेरून केवळ रोहिणीतील रक्ताचे मापन करण्याची युक्ती पुढे मांडली. तेव्हापासून आजच्या पल्स ऑक्सिमीटरचा जन्म मानतात. महाराष्ट्रात हे उपकरण घरोघर परिचित झाले ते २०२० सालच्या साथीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आरोग्यसेवक दारोदार जाऊन ताप व प्राणवायू मोजीत असत. आकडा ९५ च्या वर असला म्हणजे काळजी नाही, हा हिशेब तेव्हा घराघरांत पाठ झाला.

हाच हिशेब श्वासरोधाच्या रोग्याला फसवतो. साथीच्या रोगात बिघाड फुप्फुसांत होता. तो जागेपणीही आकड्यात दिसे. श्वासरोधात फुप्फुसे बहुधा निरोगी असतात आणि बिघाड केवळ झोपेत घडतो. जागेपणी वाट उघडीच असते. तेव्हा आकडा चांगला येणारच.

एखाद्या घरचा प्रसंग कल्पनेने पाहावा. यजमानांना तीव्र श्वासरोध आहे. मुखवटा लावून महिना झाला. नाकावर वळ उठतो, तोंड कोरडे पडते, नळी कुशीखाली अडकते. सकाळी चहाच्या वेळी ते बोटाला यंत्र लावतात. आकडा येतो ९७. “प्राणवायू उत्तम आहे. आता हे लोढणे कशाला?” असे म्हणून ते मुखवटा कपाटात ठेवावयास निघतात. त्यावर गृहिणी म्हणते, “अहो, हा आकडा चहा पितानाचा आहे. रात्री तुमचा श्वास अडकतो तेव्हा हे यंत्र खणात असते. आणि उपचार सुरू होण्यापूर्वीही सकाळी ९७ च येत होते की!” त्या माउलीने मर्मावर बोट ठेवले आहे. उपचारापूर्वी जो आकडा होता तोच उपचारानंतर असेल, तर त्या आकड्याने उपचाराविषयी काहीच सिद्ध होत नाही.

मध्यरात्री दचकून उठून यंत्र लावणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. फुप्फुसांतले रक्त बोटापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, आणि मनुष्य जागा होऊन यंत्र शोधीपर्यंत चार मोकळे श्वास घेऊन चुकलेला असतो. चोर पळून गेल्यावर दिवा लावावा, तसा तो प्रकार.

यास्तव रात्रीची साक्ष हवी असेल तर रात्रभर नोंद ठेवणारे उपकरण पाहिजे. मनगटाला किंवा अंगठीप्रमाणे बोटात घालावयाचे असे नोंदकारी ऑक्सिमीटर मिळतात. ते काही सेकंदांगणिक आकडा साठवतात आणि सकाळी सबंध रात्रीची रेघ काढून देतात. उपचाराविना ही रेघ करवतीच्या दात्यांसारखी खालीवर होते. मुखवटा नीट बसला तर ती बहुतांशी सपाट होते. पहाटेच्या प्रहरी दाते पुन्हा उगवले, तर मुखवटा झोपेत निघाला काय, उताणे निजणे झाले काय, किंवा रात्री मद्य अथवा झोपेची गोळी घेतली होती काय, हे पाहावे. रेघेला दाते नाहीत, पण ती सबंध रात्र खालीच रेंगाळते, असे दिसले तर प्रकरण निराळे. तेथे फुप्फुसांचा विकार किंवा उथळ श्वसन असू शकते आणि त्याचा निवाडा वैद्यानेच करावयाचा असतो. सीपॅप यंत्रही मुखवटा किती तास लावला, हवा किती गळली, आणि उरलेले श्वासरोध तासाला किती, याची स्वतंत्र नोंद ठेवते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तर एकीचे उणे दुसरीत भरून निघते.

तथापि या साक्षीदाराच्या दृष्टीतही दोष आहेत. उत्तम यंत्रातही दोनतीन टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून काल ९४ होते आणि आज ९३ आले, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. हात गार असला, नखांना गडद रंग असला, किंवा झोपेत हात हालला, तर आकडा चुकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात कर्बाचा विषारी वायू असतो. यंत्र त्यालाही प्राणवायूच समजते. शिवाय २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की, रक्तातला प्राणवायू खरोखर उतरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचा प्रकार गोऱ्या रोग्यांच्या मानाने कृष्णवर्णीय रोग्यांत सुमारे तिप्पट होता. २०२१ मध्ये तेथील औषध नियंत्रण खात्यानेही याविषयी सूचना काढली. सावळ्या वर्णाच्या लोकांनी हे ध्यानात ठेवणे जरूर आहे. एकट्या आकड्यापेक्षा आपल्याच कित्येक रात्रींची आपसांत तुलना अधिक विश्वसनीय.

परंतु याहूनही मोठी गोष्ट अशी की, आकडा सुधारला म्हणजे विकार गेला, असे नव्हे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हृदयविकार असलेल्या, किंवा त्याचा धोका असलेल्या ३१८ श्वासरोधी रोग्यांचे तीन गट पाडले होते. एका गटाला सीपॅप दिले, दुसऱ्याला रात्री नुसता प्राणवायू दिला, आणि तिसऱ्याला केवळ राहणीविषयी उपदेश केला. १२ आठवड्यांनी पाहता रक्तदाब उतरला तो सीपॅपच्या गटाचा. प्राणवायू दिलेल्या गटाचा आकडा रात्री सुधारला होता, पण रक्तदाब उतरला नाही. घसा मिटणे, छातीने झगडणे, मेंदूने वारंवार जागे होणे, हे सारे चालूच राहिले तर रक्त तांबडे ठेवूनही शरीराला विश्रांती मिळत नाही. बोटावरचे यंत्र रक्ताचा रंग पाहते. तुटलेली झोप त्याला दिसत नाही, आणि रक्तात साठणारा कर्बवायूही दिसत नाही.

म्हणून तीन गोष्टी घरच्या घरी करू नयेत. आकडा चांगला आला म्हणून मुखवटा सोडू नये. आकडा वाईट आला म्हणून यंत्राचा दाब आपल्या मनाने वाढवू नये. आणि प्राणवायूचे यंत्र भाड्याने आणून वैद्याला न विचारता जोडू नये; कारण ज्यांचे श्वसन उथळ असते त्यांच्या रक्तात त्यामुळे कर्बवायू वाढण्याचे भय असते.

चौथी गोष्ट घरच्या माणसांसाठी. नवऱ्याच्या बोटाकडे पाहत बायकोने रात्र जागून काढणे, किंवा म्हाताऱ्या वडिलांच्या यंत्राचा कर्णा दर तासाला वाजू देणे, हा उपचार नव्हे. त्याने एकाची झोप सुधारण्याऐवजी दोघांची मोडते. नवा मुखवटा घेतला, दाब बदलला, वजन बरेच वाढले वा घटले, अशा वेळी चारसहा रात्री नोंद घ्यावी, ती जपून ठेवून वैद्याला दाखवावी, आणि मग उपकरण खणात ठेवावे. मुखवटा नीट लावूनही आकडा रात्रीत एकूण ५ मिनिटांहून अधिक काळ ८८ वा त्याखाली राहत असेल, तर ती नोंद वैद्याकडे नेण्यास दिरंगाई करू नये. जागेपणी स्वस्थ बसले असता आकडा ९२ वा त्याखाली येत असेल आणि धापही लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

उपचार सफल होतो आहे की नाही, हे ताडण्यास आणखी काही खुणा आहेत आणि त्यांना यंत्र लागत नाही. सकाळी डोके जड आहे की हलके? दुपारी वर्तमानपत्र हातातून गळते काय? रात्री लघवीस किती वेळा उठावे लागते? शेजारी निजणाऱ्या माणसाला पुन्हा स्वस्थ झोप लागू लागली काय? या प्रश्नांची उत्तरे आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवावी. रात्रीच्या रेघेबरोबर ती वहीही वैद्यापुढे ठेवली, म्हणजे आकड्याचा खरा अर्थ त्याला लावता येईल.