नाण्याची पारख आणि पारख्याची पारख

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुष्कळ मराठी घरांतून चौरंगावर चांदीचा एखादा जुना रुपया मांडला जातो. तो राणी व्हिक्टोरियाचा असेल, एडवर्डचा असेल वा पंचम जॉर्जचा असेल. पणजोबांनी कधीकाळी गाठीला बांधलेला हा रुपया वर्षातून एकदा पुरचुंडीतून बाहेर येतो, चिंच लावून आणि राखेने घासून लख्ख केला जातो, हळदकुंकू घेतो आणि पुन्हा पुरचुंडीत जातो. घासणाऱ्याच्या मनात भक्तीच असते. परंतु हाच रुपया एखाद्या नाणेप्रदर्शनात व्यापाऱ्यापुढे ठेवला, तर तो भिंगातून क्षणभर पाहतो, दिव्याखाली कलता धरतो आणि ‘घासलेला आहे’ एवढेच म्हणून परत करतो. आपली वस्तू खोटी ठरली, की ती स्वस्तात उपटण्याचा हा डाव आहे, अशा दुहेरी शंकेत नेणारा घरी परततो. नाण्याची पारख कशी होते, ती आज कोणाच्या हाती गेली आहे आणि तिच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार त्याच्यासाठी अगत्याचा आहे.

पारख ही काही मराठी माणसाला नवी गोष्ट नव्हे. पोतदार, पारखी, सराफ ही आडनावेच त्या धंद्याची साक्ष देतात. एके काळी पुण्याकडे अंकुशी आणि चांदवडी रुपये चालत, बडोद्यास बाबाशाही चाले, हैद्राबादेस हाली सिक्का आणि इंदुरास होळकरांचा सूर्यमुखी रुपया. एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात गेले की सराफ त्याचे वजन आणि कस पाहून काही रक्कम कापून घेई. त्या कपातीला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागतो तो या पेढीवरचाच. नाणे दगडावर वाजवून पाहत. खणखणीत वाजले तर खरे, बद्द वाजले तर खोटे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकछापी रुपया काढला आणि पुढे हळूहळू ही जुनी पारख मागे पडली.

तथापि त्या सराफाचा प्रश्न एकच होता: नाण्यात चांदी किती? संग्राहकाचा प्रश्न निराळा आहे. टांकसाळीतून बाहेर पडताना नाणे जसे होते, त्यातले आज किती उरले आहे, हे त्याला पाहावयाचे असते. ठशाचा जबर दाब बसताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. नवे नाणे दिव्याखाली फिरवले, तर या रेषांमुळे प्रकाशाच्या आऱ्या चाकासारख्या फिरताना दिसतात. हे तेज एकदा घासले गेले की कोणत्याही उपायाने परत येत नाही. राखेने येते ती निराळी चकाकी. तिच्याखाली शेकडो बारीक ओरखडे असतात. हवेतील गंधकाने चांदीवर चढणारी काळसर झाक म्हणजे मळ असे घरच्यांना वाटते. जाणत्याच्या लेखी ती, नाण्याला कोणी हात लावलेला नाही, याची खूण असते. ‘घासलेला’ या एका शब्दात एवढे सारे भरलेले आहे.

या निवाड्याला आकड्याचे रूप आले ते अमेरिकेत. तेथील नाणेसंग्राहकांची राष्ट्रीय संघटना १८९१ साली स्थापन झाली आणि तिची संमेलने व प्रदर्शने भरू लागली. टेबलांच्या रांगा, दिवे, भिंगे आणि घासाघीस! नाण्याची प्रत शब्दांनी सांगत: बरे, उत्तम, अत्युत्तम, न वापरलेले. परंतु शब्द लवचिक असतात. विकताना जे नाणे अत्युत्तम असे, तेच विकत घेताना केवळ उत्तम ठरे. १९४९ साली विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटवर ग्रंथ लिहिला आणि त्यात एक ते सत्तर अशी मोजपट्टी दिली. १७९४ सालचा, जेमतेम ओळखू येणारा सेंट एक डॉलरचा धरला, तर सर्वोत्कृष्ट सेंट सत्तर डॉलरचा, असा तिचा हिशेब होता. किमती पुढे कोठल्या कोठे गेल्या, पण आकडे राहिले. आज साठ ते सत्तर हे अंक वापरात न आलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत, आणि सत्तर म्हणजे पाचपट मोठे करून पाहिले तरी दोष न दिसणारे नाणे.

परंतु या मोजपट्टीच्या कर्त्याची कथा इतकीच नाही. शेल्डन १९७७ साली निवर्तले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट त्यांनी काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी आपली हलक्या प्रतीची नाणी ठेवली होती, ही गोष्ट पुढे उघडकीस आली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. एका प्रतीची दोन नाणी शेजारी ठेवून त्यांतला तिळभर फरक सांगणारा डोळा त्यांच्यापाशी होता. अदलाबदल करण्याच्या कामीही तोच डोळा उपयोगी पडला! मोजपट्टी खोटी ठरली नाही. मात्र पारख आणि सचोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रकरणाने कायमचे दाखवून दिले.

म्हणूनच विकणारा आणि घेणारा यांच्याबाहेरचा तिसरा पारखी हवा, ही गरज उत्पन्न झाली. अमेरिकन संघटनेने १९७२ साली खरे-खोटे ठरवून दाखला देणारी कचेरी काढली आणि १९७९ साली ती प्रतही ठरवू लागली. १९८६ साली पी. सी. जी. एस. आणि १९८७ साली एन. जी. सी. या व्यापारी संस्थांनी काम सुरू केले. त्यांची रीत साधी आहे. नाणे कोणाचे आहे हे न कळता एकाहून अधिक परीक्षक ते स्वतंत्रपणे पाहतात, मग प्रत ठरते. त्यानंतर ते कडक पारदर्शक डबीत कायमचे बंद करून आत अंकाची व क्रमांकाची चिठ्ठी घालतात. व्यापारी या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. घासलेल्या वा खरवडलेल्या नाण्याला पूर्ण अंक मिळत नाही. चिठ्ठीवर तो दोषच लिहिला जातो.

या व्यवस्थेने घेणाऱ्याला मोठा आधार दिला, यात शंका नाही. पण ती निर्दोष आहे असे मानू नये. तेच नाणे डबी फोडून पुन्हा पाठवले, तर कधी एक अंक अधिक मिळतो, आणि त्या एका अंकाने किंमत कित्येक पटींनी वाढते, म्हणून हा खेळ खेळणारेही आहेत. शिवाय आता डब्याच बनावट निघू लागल्या आहेत. चिठ्ठीवरील क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीशी आणि तेथील छायाचित्राशी ताडून पाहिल्यावाचून पैसे मोजणे शहाणपणाचे नव्हे.

मुंबई, पुणे, बंगळूर येथे भरणाऱ्या प्रदर्शनांत जाणाऱ्याने पहिल्या दिवशी पाकीट घरी ठेवावे आणि डोळे घेऊन जावे. नाणे कडांनी धरावे, खाली मऊ कापड असावे. एकाच जातीची दहा नाणी पाहिल्यावर अकरावे आपोआप बोलू लागते. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया अवश्य पाहावा. बादशहाच्या अंगरख्यावरील पदकमालेतला हत्ती ठशात डुकरासारखा दिसू लागला, लोकांच्या भावना दुखावल्या, आणि सरकारने तो रुपया मागे घेऊन पुढील वर्षी हत्ती सुधारला. उलट रामपंचायतनाचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ ही अक्षरे असलेले जे नाणे चमत्कारी म्हणून विकले जाते, ते कंपनीने कधी पाडलेलेच नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनेही १९२१ नव्हे, अगदी अलीकडे, २०२१ साली लोकांना सावध केले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचे झालेले नाणे पुरावस्तू ठरते, आणि खाजगी व्यक्तीला ते आपल्या मर्जीने देशाबाहेर धाडता येत नाही. तेव्हा पणजोबांचा व्हिक्टोरिया रुपया परदेशी पारख्याकडे टपालाने पाठवण्याचा मोह कोणी धरू नये. शिवराईसारखे नाणे तर येथेच, जाणत्या माणसाला दाखवून समजून घ्यावे.

मग देव्हाऱ्यातल्या रुपयाचे काय करावे? तो विकावयाचा नसेल, तर घासला गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. शंभर दिवाळ्यांचे ओरखडे हाही त्याचाच इतिहास आहे. मात्र यापुढे त्याला चिंच आणि राख लावू नये. मऊ कापडात, कोरड्या जागी ठेवावा. जवळ एक कागद ठेवून त्यावर तो कोणाकडून आला, कोणत्या गावी मिळाला, कोणी जपला, हे आजीला विचारून लिहावे. ती माहिती कोणत्याही परीक्षकाच्या चिठ्ठीवर मिळणार नाही, आणि आजी आहे तोवरच ती लिहून घेता येईल.