आरएच-75 : नाक जड, पंख मापात

आज बोईसरमधून आरएच-75चं स्केल मॉडेल. हे भारतीय बनावटीचं पहिलं साउंडिंग रॉकेट 20 नोव्हेंबर 1967ला थुंबाहून उडालं. व्यास 75 मिलिमीटर. आपली पुठ्ठ्याची नळी 50ची. म्हणजे प्लॅनमधलं प्रत्येक माप दोन तृतीयांश करायचं.

पण मापं कमी केली म्हणून वजन त्याच प्रमाणात विभागलं जात नाही. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या निदान एक व्यास, म्हणजे 50 मिलिमीटर, पुढे हवा. नाहीतर रॉकेट गिरक्या घेणार. पंख मोठे केले तर स्केल गेलं. त्यापेक्षा नाकात क्ले भरा. मोटारीएवढं वजन शेपटीत ठेवून गुरुत्वमध्याला दोरी बांधा, डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे राहिलं की जमलं!

उडवायचं मात्र इथे नाही हं. शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र, एमआयडीसीत केमिकलचे कारखाने. दोरीवरची चाचणी मैदानात करा, मजा तीच.