वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आणि पेशींचे वार्धक्य
(आपल्या संस्थेच्या महाल येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य मुलांना शिकविण्यात गेले. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि आजचे बोलणे हे माझ्यापुरते एक प्रायश्चित्त आहे. माझ्या वर्गात एक स्थूल मुलगा होता. त्यास फळ्याजवळ बोलावताना मी 'भोपळ्या' म्हणत असे आणि सारा वर्ग हसे. तोच विद्यार्थी, आता चाळिशी उलटलेला व मधुमेहाने गांजलेला, दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी आला. म्हणाला, "गुरुजी, डॉक्टर पोटाची शस्त्रक्रिया सांगतात. घरची मंडळी म्हणतात, ही लाजेची गोष्ट. आपण काय म्हणता?" मजजवळ उत्तर नव्हते. पुढे जे वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, तेच आपणापुढे ठेवितो.

प्रथम लाजेविषयी. आपल्या याच महालातील श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईस ही शस्त्रक्रिया करून घेतली. ते वृत्त सर्वतोमुखी झाले, पण त्यांच्या सार्वजनिक कार्यात त्यामुळे काही उणे आले नाही. मग सामान्य गृहस्थाने तोंड का लपवावे?

स्थूलता म्हणजे केवळ खादाडपणा, ही समजूतही अपुरी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडातील डॉ. युडकिन या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००४ साली हे प्रसिद्ध झाले. आपली चरबी अशी लपून राहते. म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांस हा निर्देशांक २७.५ झाला तरी शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, असे म्हटले आहे.

आता पेशींकडे वळू. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांना 'टेलोमिअर' नावाचे आवरण असते. वहीच्या शेवटी काही कोरी पाने असतात; झीज ती सोसतात आणि लिहिलेला मजकूर सुरक्षित राहतो. तसेच हे आहे. पेशी विभागली की ही कोरी पाने थोडी कमी होतात. ती संपत आली की पेशी म्हातारी होते. हे रहस्य उलगडल्याबद्दल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक या तिघांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अति चरबीमुळे शरीरात मंद दाह सतत धुमसतो आणि ही झीज वाढते, असे शास्त्रज्ञ मानतात.

मग शस्त्रक्रियेने ती झीज थांबते काय? ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे १४२ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वी आणि सुमारे दहा वर्षांनी तपासणी झाली. त्यांची टेलोमिअर लांबलेली आढळली. हा अहवाल २०१६ चा. परंतु अन्य काही तपासण्यांत पहिल्या वर्षाअखेर ती उलट आखूड झालेली दिसली. म्हणजे आरंभी शरीरावर ताण पडतो, आणि लाभ झालाच तर सावकाश होतो, असे वाटते. स्वीडनमधील दीर्घ पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान, न झालेल्या तशाच स्थूल रुग्णांहून सुमारे तीन वर्षांनी अधिक भरले. तरीही सर्वसाधारण जनतेहून ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले.

तात्पर्य, हा कायाकल्प नव्हे. 'तारुण्य परत देतो' असे कोणी सांगू लागल्यास त्याच्या दारावरून परत फिरावे. जठराचा मोठा भाग काढल्यावर जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियम यांची औषधे जन्मभर घ्यावी लागतात. शाकाहारी मनुष्याने 'ब-१२' विषयी विशेष दक्ष राहावे. परंतु मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांनी जेरीस आलेल्यास हा खरा आधार होऊ शकतो.

मी विद्यार्थ्यास हेच सांगितले, आणि त्या जुन्या शब्दाबद्दल त्याची क्षमा मागितली. गतवर्षी त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. आता सकाळी तो गांधीसागर तलावाला फेरी घालताना भेटतो.

आपणांस एकच विनंती. आपल्या पंगतीत कोणी दोन घास खाऊन हात आवरता घेतला, तर "आणखी एक जिलेबी, माझी शपथ!" असा आग्रह करू नये, आणि कोणी जाड दिसले, तर हसू नये. ही शस्त्रक्रिया समाजाने स्वतःच्या जिभेवर करावयाची आहे.